हाताशी आलेली पिढी आणि हाताला नसलेले काम

मुलगा किंवा मुलगी वयात आली, घरच्या कामाला आणि मिळकतीला तिचा आधार होऊ लागला, की ‘पोर हाताशी आले’ असे आपल्याकडे म्हणतात. या वाक्प्रचारात वयाचा आकडा नाही. शेतकऱ्याचे पोर औताच्या मागे चालू लागले की हाताशी येई. सुताराचे पोर रंधा धरू लागले की येई. अलीकडे मात्र हा प्रश्न घरातून उठून सभागृहात आला आहे. मंत्री, उद्योगपती आणि कुलगुरू तो एकाच सुरात विचारतात : आमचे तरुण कामाला तयार आहेत काय? उत्तरही ठरलेले असते. पदवी आहे, कौशल्य नाही. सबब आणखी एक अभ्यासक्रम, आणखी एक प्रशिक्षण, आणखी सहा महिने थांबा. आमच्या मते हा प्रश्न मुळातच उलटा विचारला जात आहे. तरुण केव्हा तयार होतो हे तरुणाच्या अंगच्या गुणांवर जितके ठरते, त्याहून कितीतरी अधिक ते त्याचा बाप कोण आहे यावर ठरते. तयारीचे वय हे या समाजात वर्गानुसार निरनिराळे आहे, आणि ते वय ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना दोन्ही बाजूंनी लाभच होत आला आहे.

प्रथम खालच्या टोकाकडे पाहू. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ‘कोयत्या’वर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ज्या हिशोबात माणसाचे एकक जोडी हेच आहे, त्या हिशोबात मुलीचे लग्न लवकर उरकणे आणि मुलाला लवकर जोडी मिळवून देणे हा आर्थिक व्यवहार ठरतो. तेथे कोणी विचारीत नाही की या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचे कौशल्य पुरेसे आहे काय. मोळी बांधता आली, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता आले, की ती तयार. तिच्याहून लहान भावंडे वाढे गोळा करतात, तान्ह्याला सांभाळतात आणि हजेरीच्या कोणत्याही कागदावर येत नाहीत. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी झाली खरी, परंतु कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. आणि चौदा ते अठरा या वयाला केवळ धोक्याच्या म्हणून ठरविलेल्या उद्योगांपुरतीच बंदी उरली. उसाचा फड त्या यादीत नाही. राज्यघटनेचे २४ वे कलम ज्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले त्यांच्यासाठी तयारीचे वय अशा रीतीने खालीच राहिले.

आता दुसरे टोक. पुण्यात सदाशिव पेठेच्या आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात सकाळी सहाला एखाद्या अभ्यासिकेत डोकावावे. लाकडी खणांत विभागलेल्या टेबलांवर बसलेली ही मुले मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यातून आलेली असतात. कोणाच्या बापाने जमीन गहाण टाकलेली, कोणाच्या बहिणीचे शिक्षण थांबलेले. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येते. ही सवलत तरुणांनीच मागून घेतलेली आहे आणि ती काढून घ्यावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावरचा मनुष्य ‘उमेदवार’ राहू शकतो, याचा अर्थ समाजाने त्याचे कमावते होणे वीस वर्षे पुढे ढकलले आहे. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्येक अर्जामागे शुल्क होते ९०० ते १,००० रुपये. वाचकांनी गुणाकार स्वतः करून पाहावा. बेकारीवर कर बसविण्याची कल्पना अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांस आढळली नव्हती. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर गेले. पावसात, चिखलात पहाटे धावण्याच्या चाचणीला उभी राहिलेली ही मुले तयार नव्हती असे कोण म्हणेल?

एसटीच्या फलाटावर पाचशे माणसे उभी आहेत आणि गाडीत जागा पन्नास, अशी ही अवस्था आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या ज्याला चांगली अवगत असेल तो बसेल. प्रशिक्षणाचे आजचे धोरण म्हणजे सर्व पाचशे जणांना रुमाल टाकण्याचे शिक्षण देणे होय. त्याने कोण बसणार हे बदलेल. किती बसणार हे बदलणार नाही, कारण त्यासाठी गाड्या वाढवाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यातील २०२२ सालचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. देशातील एकूण बेरोजगारांत तरुणांचा वाटा ८२.९ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के. यावरून निरक्षर सुखी आहेत असे नव्हे. ज्याला उपाशी राहणे परवडत नाही तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने करतो आणि म्हणून बेकारांच्या मोजणीत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तथापि शिक्षण वाढले की रोजगार आपोआप मिळतो, या सिद्धान्ताला यापेक्षा मोठा तडा आणखी कोणता हवा?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा फार वेगळे दिले होते, आणि आजच्या कार्यकर्त्याला ते तपशिलाने ठाऊक असणे अगत्याचे आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी साठीच्या दशकात तासगाव तालुक्यात एक लहानसा प्रयोग करून पाहिला : जो काम मागेल त्याला गावाच्या उपयोगाचे अंगमेहनतीचे काम द्यावयाचे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या निबंधात, ज्यांच्याजवळ जमीन नाही आणि भांडवलही नाही त्यांना कामाची हमी देणे हाच मार्ग आहे आणि त्यासाठी सुस्थितीतील वर्गाने झीज सोसली पाहिजे, असे आकडेवारीने मांडले. नंतर १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली. खडी फोडणाऱ्या या माणसांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर गेले, डाव्या आणि समाजवादी पक्षांनी विधिमंडळात आवाज उठविला, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, त्यातून. प्रस्तुत लेखकाच्या पगारपत्रकात तो निवृत्तीपर्यंत कापला जात असे. अलीकडच्या दराने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. सहकारी प्राध्यापक कुरकुरत, तेव्हा हा कर दुष्काळी तालुक्यातील कोणाची तरी चूल पेटवण्यासाठी बसविला गेला आहे, हे त्यांना दर वर्षी नव्याने सांगावे लागे.

या कायद्यातील एका तरतुदीकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावयाचे आहे. अठरा वर्षे पूर्ण केलेली ग्रामीण भागातील कोणतीही व्यक्ती अंगमेहनतीच्या कामाची मागणी करू शकत होती. पंधरा दिवसांत काम न दिल्यास शासनावर बेकारी भत्त्याचे दायित्व येत होते. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते. ते अठरावर आले १९८९ मध्ये. म्हणजे महाराष्ट्रातील अठरा वर्षांच्या मुलीला आमदार निवडण्याचा अधिकार मिळण्याच्या दहा वर्षे आधी शासनाकडे काम मागण्याचा अधिकार मिळालेला होता. तयारी केव्हा होते, या प्रश्नाला विधिमंडळाने दिलेले हे नि:संदिग्ध उत्तर होते. त्यात अभ्यासक्रम नव्हता, अनुभवाचा दाखला नव्हता. पुढे २००५ मध्ये केंद्राने याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने तो बदलून १२५ दिवसांचा नवा कायदा आणला आणि मजुरीच्या खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांच्या माथी मारला. त्याची चिकित्सा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवू की हमी दिली गेली ती कुदळ-फावड्याच्या कामापुरती. दहावी-बारावी झालेल्या, पदविका घेतलेल्या, पदवीधर झालेल्या तरुणाला ती कधीच दिली गेली नाही. त्याला देण्यात आली ती प्रशिक्षणाची योजना.

२०२४ च्या निवडणुकीच्या वर्षात राज्य शासनाने मुख्यमंत्र्यांच्या नावे युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० विद्यावेतन. मुदत सहा महिने. ती पुढे वाढवून अकरा महिने करण्यात आली. आता कामाचे २६ दिवस धरून हिशोब करू. बारावी झालेल्यास दिवसाला २३१ रुपये पडतात. त्याच २०२४-२५ सालात रोजगार हमीच्या कामावर अकुशल मजुराचा महाराष्ट्रातील दर होता २९७ रुपये. बारा वर्षे शाळेत घालविल्याबद्दल दिवसाला ६६ रुपये दंड, असे याचे सरळ वाचन आहे. केंद्राच्या २०२४ मधील अशाच योजनेत मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम करणाऱ्या तरुणास महिना ५,००० रुपये ठरविण्यात आले, म्हणजे दिवसाला १९२. यास मजुरी म्हणता येत नाही, कारण कायद्याने ती मजुरी नाहीच. शब्द बदलला की हक्क बदलतो ही किमया १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यापासून आपल्या परिचयाची आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. वेतन नव्हे, विद्यावेतन. नोकरी नव्हे, अनुभव. आणि हे प्रशिक्षणार्थी करतात काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग सांभाळतात, पंचायत समितीत अर्जांची नोंद करतात, रुग्णालयात केसपेपर काढतात. ही कामे रोजची आहेत, बारमाही आहेत, आणि त्यांच्यासाठी मंजूर असलेली पदे रिक्त आहेत. मुदत संपली की तो तरुण बाहेर जातो आणि दुसरा ‘तयार होण्यासाठी’ आत येतो. २०२५ मध्ये या प्रशिक्षणार्थींनी आम्हांला कायम करा म्हणून आंदोलने केली, तेव्हा कायम करण्याचे आश्वासन कोणी दिलेच नव्हते, असे त्यांना ऐकविण्यात आले. ते खरेही आहे. आश्वासन न देता काम करवून घेणे हाच या योजनेचा गाभा आहे.

प्रशिक्षण पुरे झाले की दरवाजा उघडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी २० मार्च २०१८ ची सकाळ आठवावी. माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रेल्वेचे शिकाऊ उमेदवार रुळांवर बसले आणि मध्य रेल्वेची लोकल ऐन गर्दीच्या वेळी बंद पडली. कार्यालयात पोचायला उशीर झालेल्या मुंबईकराने त्यांना शिव्या दिल्या, हे स्वाभाविक होते. परंतु या मुलांना प्रशिक्षण कोणी दिले होते? रेल्वेनेच, स्वतःच्या कारखान्यांत. त्यांच्या कौशल्याबद्दल रेल्वेला शंका घेण्यास जागाच नव्हती. जागा नव्हती ती त्यांना सामावून घेण्यास.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःविषयीही काही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. एम.ए.चा निकाल लागल्यावर अवघ्या काही महिन्यांत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मला एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची नोकरी लागली. मी तयार होतो काय? खचितच नव्हतो. पहिल्या वर्षी किंमत सिद्धान्त शिकविताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या घरी येऊन पुन्हा तपासाव्या लागत आणि एक-दोनदा दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक कबूलही करावी लागली. संस्थेने मला पगार देत देत तयार होऊ दिले. दोन वर्षांनी मी कायम झालो, निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन घेत आहे. माझ्या निवृत्तीच्या सुमारास त्याच विभागात जी मुले तासिका तत्त्वावर शिकवीत होती, ती पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली होती, त्यांतील दोघांची पीएच.डी. झालेली होती, आणि ती माझ्या पहिल्या वर्षापेक्षा निश्चित चांगली शिकवीत. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळत, तेही कित्येक महिन्यांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. एकाने लग्नाच्या बोलणीत आपण प्राध्यापक आहोत असे सांगितले आणि पगार विचारल्यावर तो गप्प बसला, ही हकीकत त्याने स्वतःच मला सांगितली. त्याचे वय तेव्हा ३४ होते. माझ्या पिढीतील माणसे ‘आजच्या मुलांत ती जिद्द नाही’ असे म्हणू लागली की मला तो मुलगा आठवतो आणि संभाषण अप्रिय होऊ लागते.

एक आक्षेप असा घेतला जातो की तरुणांना काम नकोच असते, त्यांना सरकारी खुर्ची हवी असते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु खुर्चीची ओढ कशासाठी? औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत बारा तास काम करणाऱ्या मुलाला उद्या कामावर यायचे की नाही हे आज संध्याकाळी कळते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरली गेली की नाही हे कधीच कळत नाही. बापाने कर्ज काढून शिकविलेला मुलगा अशा कामापेक्षा दहा वर्षे सुरक्षित नोकरीची वाट पाहतो, यात आळस नसून हिशोब आहे. कालेस्की या पोलिश अर्थशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच दाखवून दिले होते की पूर्ण रोजगार साधणे अशक्य नसते. मालकवर्गाला तो नकोसा असतो, कारण काढून टाकण्याची धमकी मग चालेनाशी होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा असलेला सुशिक्षित तरुण आतल्या कामगाराचा पगार खाली ठेवतो. त्याला ‘अजून तयार नाही’ म्हणणे हे त्याला फाटकाबाहेर ठेवण्याचे सभ्य नाव आहे.

याच टंचाईच्या पोटी जातीजातींतील कलह जन्मास येत आहे. २०२३ पासून मराठा आणि इतर मागासवर्गीय समाजांत आरक्षणावरून जे तट पडले, त्यांच्या सभांतून दोन्ही बाजूंना तीच पंचविशी-तिशीतली मुले उभी होती. सामाजिक न्यायाचे साधन म्हणून आरक्षण राहिलेच पाहिजे. पण चार हजार जागांची वाटणी दहा लाखांत कोणत्याही सूत्राने केली तरी बहुतेकांच्या हाती काही लागणार नाही, हे दोन्हीकडच्या तरुणांना सांगण्याचे धैर्य किती पुढाऱ्यांनी दाखविले? जागा किती, हा प्रश्न निघाला तर तो सरकारकडे आणि भांडवलाकडे वळतो. जागा कोणाच्या, एवढेच विचारले तर तो शेजारच्या घराकडे वळतो.

आपल्याही चळवळीचे दोष पदरात घेतले पाहिजेत. आपल्या कामगार संघटनांनी कायम कामगारांच्या वेतनकरारांसाठी झुंजी दिल्या, आणि त्याच फाटकातून कंत्राटी मुले आत येत असता अनेक ठिकाणी आपण ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले. सभासदाची वर्गणी कायम कामगाराकडून येते, हे कारण उघड बोलले गेले नाही इतकेच. २०१६ साली जगजीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तात्पुरत्या कर्मचाऱ्याने कायम कर्मचाऱ्याइतकेच काम केले असेल तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन दिले पाहिजे, असा निर्णय दिला. तो निर्णय हाती घेऊन किती तालुक्यांत आपण दावे उभे केले? याउलट, एकजूट झाली म्हणजे काय होते हेही पाहावे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील नोकरभरती नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी पद्धतीने करण्याचे ठरले. तरुण जात न पाहता रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरातच शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

म्हणून आपली मागणी ‘तरुणांना प्रशिक्षण द्या’ अशी असता कामा नये. जो कोणी दिवसभर काम करतो त्याला, त्याचे नाव शिकाऊ असो वा उमेदवार, अकुशल मजुराच्या दराहून एक रुपयाही कमी मिळता कामा नये. जे पद बारमाही आहे ते अकरा महिन्यांच्या माणसांनी भरता कामा नये. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सुशिक्षितालाही काम मागण्याचा, पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता घेण्याचा कायदेशीर हक्क असला पाहिजे. पाणलोटाची मोजणी, गावोगावची ग्रंथालये, अंगणवाड्या आणि पाळणाघरे, वृद्धांची शुश्रूषा, भूमापनाची रखडलेली कामे : यांपैकी एकही काम अनावश्यक नाही आणि एकाही कामासाठी दहा वर्षांची तयारी लागत नाही. पैसा कोठून आणायचा हे विचारणाऱ्यांना १९७५ चा कर दाखवावा. २,५०० रुपयांची वार्षिक कमाल मर्यादा १९८८ पासून घटनेतच घालून ठेवलेली आहे. तेव्हापासून शहरातील मिळकती कोठल्या कोठे गेल्या. कर तेथेच राहिला. ती मर्यादा उठविण्याची मागणी आपणच केली पाहिजे, भले त्यात आपल्यासारख्या पगारदारांचा खिसा हलका होवो.

दरम्यान तालुक्याच्या पातळीवर करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या कचेरीत, कोणत्या शाळेत किती प्रशिक्षणार्थींनी किती महिने काम केले, त्यांनी कोणत्या रिक्त पदाचे काम केले, याची यादी पक्षाच्या शाखेकडे असली पाहिजे. हजेरीपटाच्या प्रती त्यांनी आताच काढून ठेवाव्यात. मुदत संपल्यावर त्या मिळत नाहीत. रोजगार हमीच्या कामाची मागणी तोंडी करू नये, लेखी करावी आणि तारखेची पोच घेतल्याविना ग्रामपंचायतीतून उठू नये, कारण पंधरा दिवस त्या पोचेपासून मोजले जातात. ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात तेथील शाखांचे काम याहूनही निकडीचे आहे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे मंजूर होतात, परंतु ती सुरू होईपर्यंत निम्मी मुले आईबापांबरोबर फडावर पोचलेली असतात. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गावनिहाय मुलांची नावे गणपतीच्या आसपास दिली गेली, तर दसऱ्याला गाडी निघेल तेव्हा पोर मागे ठेवायला जागा असेल.